अल्टिमीटरला जमीन दिसत नाही

पन्हाळ्याच्या वाटेवर वाघबीळ मागं पडलं तसा मागच्या सीटवरून भाचा ओरडला, "मामा, गाडी चढायलीया आणि आकडा उतरायलाय!" त्याच्या मोबाइलमध्ये हवेचा दाब मोजणारा सेन्सर आहे. रंकाळ्यावरून निघताना ९४० हेक्टोपास्कल दाखवत होता, तीन दरवाजापाशी पोचेपर्यंत ९१०च्या खाली आला.

यात मोबाइलचा दोष नाही. आपल्या डोक्यावर हवेचा जो ढीग आहे, त्याला वजन आहे. वर चढाल तसा ढीग थोडा पायाखाली जातो, डोक्यावरचं ओझं कमी होतं. हे पाहण्यासाठी १६४८ मध्ये फ्रान्समध्ये पास्कलनं पाऱ्याची नळी देऊन माणूस डोंगरावर धाडला. पास्कलची तब्येत तोळामासा, त्यामुळं चढण आली त्याच्या दाजींच्या वाट्याला. माथ्यावर नळीतला पारा खाली उतरलेला दिसला.

विमानातला अल्टिमीटर मुळात हेच काम करतो. त्याला जमीन दिसत नाही. तो हवा तोलतो आणि त्या वजनावरून उंचीचा हिशेब मांडतो. आता तोलायचं म्हणजे आधी काटा लावून घेणं आलं. गुजरीतला सोनार दागिना पारड्यात टाकण्याआधी काटा शून्यावर आहे ना बघतो, तसं. पण हवेचं शून्य रोज बदलतं. पाऊस आला की दाब उतरतो, थंडीत चढतो. म्हणून नियंत्रक उतरणाऱ्या विमानाला त्या घडीचा, समुद्रसपाटीच्या हिशेबात आणलेला स्थानिक दाब सांगतो आणि वैमानिक तो आकडा अल्टिमीटरवर लावतो. वर, लांबच्या प्रवासात मात्र सगळे १०१३ हेक्टोपास्कल हा एकच ठरलेला आकडा लावून उडतात. तिथं खरी उंची कुणालाच नको असते, दोन विमानांत अंतर राहिलं की झालं. चुकायचं तर सगळ्यांनी सारखंच चुकायचं, असा तो करार आहे. मला तो फार आवडतो.

गोची होते ती खाली येताना, आकडा बदलायच्या वेळी.

समजा जुलै आहे, पंचगंगा पात्राबाहेर आली आहे आणि विमान कोल्हापूरच्या विमानतळावर, उजळाईवाडीला उतरतंय. आपली धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार फूट उंच. काटा नीट लावला, तर विमान जमिनीवर उभं असतानाही अल्टिमीटर दोन हजाराच्या आसपास दाखवणार. पण त्या दिवशी दाब १००३ असेल आणि वैमानिकाच्या हातून १०१३ तसाच राहिला असेल तर? एका हेक्टोपास्कलला साधारण २८ फूट धरले, तर दहाला २८० फूट. अल्टिमीटर जितकं दाखवतोय त्यापेक्षा विमान २८० फूट खाली, आणि काचेबाहेर नुसता ढग.

उंचीतली चूक दरवेळी काट्याचीच असते असं नाही. १९९६च्या नोव्हेंबरात हरियाणात चरखी दादरीवर दोन विमानांची टक्कर होऊन ३४९ माणसं गेली. कझाकस्तानच्या विमानाला १५ हजार फुटांवर थांबायला सांगितलं होतं, ते त्याखाली उतरलं आणि समोरून १४ हजारांवर सौदीचं विमान येत होतं.

काट्याचा किस्सा पॅरिसचा. २३ मे २०२२, शार्ल द गोल विमानतळ, पाऊस. धावपट्टीकडून रेडिओ लहरींनी उताराची वाट दाखवणारी यंत्रणा दुरुस्तीसाठी बंद होती. ती चालू असती तर दाबाच्या आकड्यावाचून फारसं अडलं नसतं, कारण ती वाट जमिनीवरून आखलेली असते. त्या दिवशी खाली यायचा उतारही अल्टिमीटरच्या भरवशावर होता. खरा दाब होता १००१. नियंत्रकाच्या तोंडून गेलं १०११. वैमानिकानं नियमाप्रमाणं तो आकडा परत म्हणून दाखवला, अगदी बरोबर: १०११. ही परत म्हणायची पद्धत ऐकणाऱ्याची चूक पकडण्यासाठी आहे. सांगणाराच चुकला, तर तीच चूक दोनदा बोलली जाते, इतकंच.

विमान आखलेल्या उतारावरूनच आलं, फक्त तो उतार २८० फूट खाली सरकला होता. विमानातल्या पडद्यांवर सगळं जिथल्या तिथं. जमीन जवळ आल्याचा इशारा देणारं विमानातलं यंत्र गप्प राहिलं; धावपट्टीजवळ जमीन जवळ येणारच, म्हणून तिथं ते मुद्दामच कमी हळवं ठेवलेलं असतं. इशारा वाजला तो नियंत्रकाकडं. निर्णयाच्या उंचीला, म्हणजे धावपट्टी दिसली तर उतरायचं नाहीतर वर जायचं त्या उंचीला आलोय असं अल्टिमीटर सांगत होता आणि धावपट्टीचे दिवे काही दिसेनात, तेव्हा वैमानिकांनी उतरणं सोडून विमान वर घेतलं. वर वळण्याआधी ते जिथवर खाली आलं, तिथं जमिनीपासून सहा फूट उरले होते. धावपट्टी अजून दीड किलोमीटर पुढं होती. सहा फूट म्हणजे आपल्या चौकटीएवढं. कमानीतून मिरवणूक नेताना आपण तरी याहून जास्त जागा सोडतो.

फेरी मारून ते पुन्हा उतरायला आले. काट्यावर आकडा तोच होता, १०११. या खेपेला समोरचं दिसत होतं. धावपट्टीशेजारच्या लाल-पांढऱ्या दिव्यांनी विमान फार खाली असल्याचं दाखवलं, त्यांनी ते वर उचललं आणि उतरवलं.