प्रायमरी की: रेकॉर्ड नंबरापासून आयडीपर्यंत

डेटाबेस डिझाइन शिकायला बसलेला जो तो पहिल्या टेबलाला आधी आयडीचा, म्हणजे प्रत्येक नोंदीच्या ओळख-क्रमांकाचा, कॉलम लावतो. का लावला, असं विचारलं तर उत्तर येतं, "लावतात." या 'लावतात'मागे बरीच जुनी भांडणं आहेत.

१९६० च्या दशकातल्या डेटाबेसात एका नोंदीवरून दुसरीकडे जायचं ते पॉइंटरचं, म्हणजे पुढच्या नोंदीच्या डिस्कवरच्या पत्त्याचं, बोट धरून. १९७० साली एका गणितज्ञाने मांडलं, की नोंद डिस्कवर कुठे पडली आहे याच्याशी वापरणाऱ्याला देणंघेणं नको; ती तिच्यातल्या मूल्यावरूनच ओळखता यावी. अशी ओळख पटवणाऱ्या कॉलमासाठी (किंवा कॉलमांसाठी) 'प्रायमरी की' हा शब्द त्याच निबंधात आहे. त्यातलं 'रिलेशन' म्हणजे टेबल, दोन टेबलांमधलं नातं नव्हे.

आपल्याकडे गल्लोगल्लीच्या क्लासात हा विषय पोचला तो नव्वदच्या दशकात, डीबेस आणि फॉक्सप्रो या तेव्हाच्या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या वेषात, आणि येताना शब्दांचा पार काला झाला. तिथे एकेका डीबीएफ फाइललाच, म्हणजे एकट्या टेबलालाच, 'डेटाबेस' म्हणत. 'सेट रिलेशन' ही कमांड दोन फाइली जोडायची, त्यामुळे रिलेशन म्हणजे नातं हे डोक्यात पक्कं बसलं ते बसलंच. प्रत्येक नोंदीला रेकॉर्ड नंबर आयता मिळे, पण त्यावर विसंबलात तर फसलात. डिलीट केलेली नोंद नुसती खूण होऊन पडून राहायची. 'पॅक' दिलं की ती खरोखर जायची आणि तिच्याखालच्या सगळ्यांचे नंबर सरकायचे. म्हणून लोक स्वतःचे कोड रचत: गावाची दोन अक्षरं, वर्ष, मग अनुक्रम. वाचायला छान. पण पतसंस्थेचा सभासद दुसऱ्या शाखेत गेला, की कोड खोटं बोलू लागे आणि बदलावा तर कर्जाच्या, ठेवीच्या प्रत्येक फाइलीत बदलावा लागे.

अर्थ नसलेल्या क्रमांकाची बाजू भक्कम झाली ती अशा अनुभवांतून. गंमत म्हणजे १९७९ साली त्याच गणितज्ञाने अशा यंत्रनिर्मित ओळखीला, म्हणजे 'सरोगेट'ला, जागा दिली होती. अट एवढीच, की तिचं मूल्य वापरणाऱ्याला कधी दिसता कामा नये. आज आयडी वेबपत्त्यात उघडा फिरतो, ४१ च्या जागी ४२ टाकून शेजाऱ्याची नोंद दिसते का हे कुणीही पाहतं.

२००० नंतर मायएसक्यूएल या डेटाबेसचं ऑटो इन्क्रिमेंट (पुढचा क्रमांक आपोआप देणं) आणि आयडी आपोआप घालणारे फ्रेमवर्क, म्हणजे प्रोग्रामचे तयार सांगाडे, सर्रास वापरात आले, तसा प्रश्न विचारणंच बंद झालं. त्यात मायएसक्यूएलचं तेव्हाचं डिफॉल्ट इंजिन (डेटा साठवणारा भाग) फॉरेन की, म्हणजे दुसऱ्या टेबलातल्या नोंदीकडे बोट दाखवणारा कॉलम, निमूट लिहून घ्यायचं आणि पाळायचं नाही. हे डिफॉल्ट बदललं २०१० मध्ये. नैसर्गिक कीवाल्यांचा, म्हणजे नोंदीतल्या खऱ्या माहितीवरूनच ओळख ठरवा म्हणणाऱ्यांचा, आक्षेप मात्र अजून कुणी खोडलेला नाही. एकच माणूस एकदा 'देशपांडे', एकदा 'देशपान्डे' असा नोंदला, तर दोन्ही ओळींना वेगवेगळा आयडी मिळतो आणि डेटाबेस खूश राहतो. आयडी लावा, हरकत नाही; पण जे खरोखर एकमेव असायला हवं त्या कॉलमांवर युनिक ही अट वेगळी घालावीच लागते. शिकवताना नेमकं हेच गळतं. मोबाइल नंबरालाच की करणाऱ्यांनी तो नंबर पुढे दुसऱ्याला मिळतो हेही लक्षात घ्यावं.

साध्या ३२ बिटी आयडीची मजल २,१४,७४,८३,६४७ पर्यंत. मोठ्या यंत्रणा तिथे धडकतात. शिवाय अनेक सर्व्हरांवर एकाच वेळी क्रमांक वाटायचे तर एकसलग मोजणी अवघड, म्हणून १२८ बिटी यूयूआयडी, म्हणजे कुठेही तयार केला तरी सहसा दुसऱ्याशी न जुळणारा लांबलचक आयडी. पूर्णपणे यादृच्छिक असला तर नव्या नोंदी इंडेक्सभर (शोधायला ठेवलेल्या क्रमवार सूचीभर) विखुरतात आणि लिहिणं मंदावतं. २०२४ मध्ये प्रमाणित झालेल्या सातव्या आवृत्तीत त्यामुळे पहिले ४८ बिट वेळेला दिले आहेत. म्हणजे नोंद कधी तयार झाली हे आयडीवरूनच कळतं, कोडातल्या त्या वर्षासारखं.