दक्षिण इटलीत फक्त समुद्र आणि ऊन? मुळीच नाही

दक्षिण इटली म्हणजे नुसते समुद्रकिनारे आणि रखरखीत ऊन, हा समज वर्षानुवर्षं चालत आलाय. तो चुकीचा आहे. बासिलिकाता आणि कालाब्रिया या दोन प्रांतांच्या सीमेवर पोल्लिनोची डोंगररांग आहे. तिचं सर्वोच्च शिखर 2,267 मीटर उंच. हिवाळ्यात तिथे चांगलाच बर्फ पडतो. कड्यांवर चिलखतासारख्या खवलेदार सालीचे पाइन उभे आहेत. त्यातल्या एकाचं वय 2018 मध्ये शास्त्रज्ञांनी 1,230 वर्षं ठरवलं! याच डोंगरातल्या चिविता गावात 15व्या शतकात आलेल्या अल्बेनियन लोकांचे वंशज राहतात. उत्तरेकडच्या अच्चेत्तुरा गावात पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाला तर चक्क झाडांचं लग्न लागतं: ओकचं खोड बैल ओढून आणतात, होली नावाचं काटेरी पानांचं झाड तरुण खांद्यावरून मिरवत आणतात, मग दोन्ही जोडून उभं करतात. डोंगरात जाणार असाल तर मे महिन्यातही स्वेटर घ्याच.