गवत मेलं की उतार चुकला? माळीकाम आणि लँडस्केप आर्किटेक्चर

पुण्यातल्या एका सोसायटीत चार वर्षांत तीनदा लॉन बदललं होतं. दर जुलैत त्याचा चिखल व्हायचा, दिवाळीपर्यंत मधोमध टक्कल पडायचं. मग कमिटीची मीटिंग, माळीकाकांना बोलणी आणि नव्या गवताचं कोटेशन. चौथ्या खेपेला मला, म्हणजे लँडस्केप आर्किटेक्टला, बोलावलं, तेव्हा सेक्रेटरींचा पहिला प्रश्न होता, "मॅडम, तुम्ही कुठलं गवत सुचवाल?"

मी गवताकडे फारसं पाहिलं नाही. गवंडी वापरतात ती पाण्याची लेव्हल ट्यूब मागवली आणि तिचं दुसरं टोक माळीकाकांना धरायला लावलं. लॉनचा मधला भाग कडेच्या फरशीपेक्षा 11 सेंटिमीटर खाली निघाला. दोन इमारतींच्या गच्च्यांचे पावसाळी पाइप त्याच खोलगट भागात सोडलेले. पहारीनं खणलं तर वीतभर लाल मातीखाली टणक मुरूम लागला. बांधकामाच्या वेळी रोलर फिरवून दाबलेला. आम्ही एका परातीत उभे होतो. परातीत कुठलंही गवत कुजणारच.

माळीकाकांचं खतपाणी, कापणी सगळं वेळच्या वेळी होतं. चार वर्षं ते ज्या चुकीची बोलणी खात होते, ती माती पडण्याआधीच झालेली होती आणि ती निस्तरणं हे त्यांचं कामही नव्हतं.

या गोंधळात मोठा वाटा 'लँडस्केपिंग' या शब्दाचा आहे. बिल्डरच्या अंदाजपत्रकात तो सगळ्यात शेवटी येतो आणि त्यात लॉन, चार पाम, एक कारंजं, रंगीत दिवे असं काहीही कोंबलेलं असतं. त्यामुळे नर्सरीवाला, बागेचा कंत्राटदार, उद्यानविद्येचा पदवीधर आणि लँडस्केप आर्किटेक्ट ही सगळी माणसं लोकांना एकच वाटतात. शिक्षणापासूनच रस्ते वेगळे आहेत. उद्यानविद्या कृषी विद्यापीठात शिकवतात, आपल्याकडे राहुरीला, दापोलीला. तिथला माणूस मुळं, माती, कलमं, कीड आणि रोग यांत मुरलेला असतो. लँडस्केप आर्किटेक्ट बहुतेक वेळा आधी आर्किटेक्चरची पाच वर्षं करतो आणि मग या विषयात मास्टर्स. माळ्याची विद्या बऱ्याचदा कुठल्याच वर्गातली नसते, ती बापाच्या किंवा उस्तादाच्या हाताखालची असते. गुटी कुठल्या महिन्यात बांधायची, डोळा कसा भरायचा, ही कलमांची कामं मला पुस्तकात वाचून कळली. त्यांच्या बोटांना ते येतं.

मग आम्ही करतो काय? आधी जागेची मोजणी करून समोच्च रेषांचा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा, नकाशा काढतो. पाणी कुठून येतं, कुठं जातं, किती जोरात जातं. वारा कुठला, मे महिन्यात दुपारी तीनला सावली कुठं. आजोबा वॉकर घेऊन कुठल्या दारातून निघतील. मग त्यांच्यासाठी रॅम्प एकास बारा उताराचा, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. पाण्याच्या निचऱ्याचं एक वेगळं ड्रॉइंग, फरशीच्या सांध्यांचं वेगळं, दिव्यांचं वेगळं. झाडांचा आराखडा या गठ्ठ्यात तळाशी असतो. विद्यार्थ्यांना हे सांगितलं की त्यांचे चेहरे पडतात, कारण अर्धेअधिक जण झाडांच्या प्रेमापोटी इकडे आलेले असतात.

या पेशाला नाव मिळालं त्या जागेकडे पाहिलं तर फरक जास्त स्पष्ट दिसतो. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क. 1858 मध्ये फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट व्हॉक्स यांनी त्याच्या आराखड्याची स्पर्धा जिंकली. ओल्मस्टेड तोवर शेती आणि पत्रकारिता करून झालेला गृहस्थ, व्हॉक्स आर्किटेक्ट. शहरातली वाहतूक बागेला छेदून जाऊ द्यायची, अशी अट होती. या दोघांनी ते चार आडवे रस्ते जमिनीच्या पातळीखाली उतरवले आणि वरून बाग सलग ठेवली. आज 843 एकरांच्या त्या बागेत फिरताना खालून गाड्या जातात हे बऱ्याच जागी जाणवतही नाही. जागा मुळात खडकाळ आणि दलदलीची. गाडलेल्या नळांमधून पाणी काढलं आणि तळी केली तीही माणसांनी. पण प्रत्यक्ष लागवड सांभाळली ती इग्नाझ पिलाट नावाच्या, ऑस्ट्रियातून आलेल्या माळ्यानं. कुठलं झाड कुठल्या उतारावर तग धरेल, हे त्याला कळत होतं. ओल्मस्टेडचं नाव जगाला ठाऊक झालं. पिलाटचं नाव आमच्या वर्गातही क्वचितच निघायचं, आणि हे मला आजही खटकतं.

आपल्याकडे लागवड आणि आराखडा ही जोडी दिल्लीच्या सुंदर नर्सरीत दिसते, फक्त तिथं दोन कामांमध्ये जवळजवळ शतकभराचं अंतर आहे. नवी दिल्ली वसवताना रस्त्यांवर, बंगल्यांत लावायची रोपं वाढवून पाहायला ही नर्सरी निघाली. तो उद्यानविद्येचा जमाना. पुढे त्याच 90 एकरांचा आराखडा मोहम्मद शहीर या लँडस्केप आर्किटेक्टनं केला: मधोमध पाण्याचा लांब पाट, आसपास सोळाव्या शतकातल्या वास्तू, पुढे तळं. 2018 मध्ये बाग लोकांना खुली झाली, ते पाहायला शहीर नव्हते. आज लोक तिथं सतरंज्या टाकून डबे उघडतात, ते जुन्या नर्सरीच्या काळातल्या वृक्षांच्या सावलीत. आराखडा कितीही चांगला असो, साठ-सत्तर वर्षांचं झाड तो काढून देऊ शकत नाही.

मुंबईकरांना एवढ्या लांब जायला नको. मलबार हिलचं हँगिंग गार्डन पाण्याच्या जलाशयाच्या छतावर आहे. झुडपं कापून केलेले हत्ती-जिराफ हे अस्सल माळ्याचं कसब, लहानपणी सगळ्यांचं लक्ष तिथंच जातं. छतावर मातीचा थर किती जाड चालेल, पाणी मुरून कुठं बाहेर पडेल, हा हिशेब मात्र दुसऱ्या प्रकारचा. आता तोच हिशेब पार्किंगवर बाग असलेल्या प्रत्येक टॉवरमध्ये करावा लागतो. ओल्या मातीचं वजन घनमीटरला साधारण 1800 किलो. लॉनला फूटभर माती पुरते, बऱ्यापैकी झाडाला मीटरभर तरी हवी. म्हणजे झाडाखालच्या प्रत्येक चौरस मीटरवर जवळपास दोन टन. स्लॅब ओतायच्या आधी हे स्ट्रक्चरल इंजिनीअरला सांगितलं नाही, तर नंतर हौसेनं लावलेला पर्जन्यवृक्ष थेट खालच्या गाड्यांवर टपकायला लागतो.

आता माझीही एक चूक सांगते. अशाच एका पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या छतावरच्या बागेत, मी पश्चिमेच्या काचेच्या भिंतीसमोर ओळीनं सहा सोनचाफे दाखवले होते. ड्रॉइंगमध्ये फार देखणे दिसत होते. तिथले माळीकाका म्हणाले, "मॅडम, हितं चाफा भाजून निघंल." मी सावलीचा अभ्यास दाखवला. सूर्याची सावली बरोबर होती, काचेवरून परतणारं ऊन मी धरलंच नव्हतं. मेअखेर सहापैकी चार वाळले. तिथं आता काकांनी सुचवलेला देवचाफा आहे आणि मस्त आहे.

प्रेरणा कुठून घेता, असं विचारलं की जपानी बागांचं नाव घ्यावं अशी अपेक्षा असते. जपानी बागा मलाही आवडतात. पण मी जास्त वेळा मोजलाय तो गावातला पार. वडापिंपळाभोवतीचा, दीड-दोन फूट उंचीचा, टेकायला आणि मांडी घालायला दोन्हीला नेमका. सावली, बसणं, निवाडा, एसटीची वाट पाहणं, सगळं एका दगडी चौथऱ्यावर. दुसरी गोष्ट माळरानावरचे सलग समतल चर, म्हणजे पाणी अडवायला एकाच पातळीवर खणलेले लांब खंदक. पाणलोटाचं काम केलेल्या कुठल्याही गावात ए-फ्रेम (इंग्रजी A च्या आकाराची चौकट) घेऊन समपातळी आखणारा माणूस भेटेल. कॉलेजात आम्हाला एक सत्र घालवावं लागतं ते तो अर्ध्या तासात दाखवतो.

आणि पाराची नक्कल करतानाही माळ्याला विचारावं लागतं. वडापिंपळाच्या बुंध्याभोवती माती चढवली तर ती झाडं सहसा सोसतात. तोच पार आंब्याभोवती बांधून बुंधा दोन फूट पुरला की साल कुजते, मुळं गुदमरतात. 'सुशोभित' चौकांतली कितीतरी जुनी झाडं अशी मेली आहेत.

तेव्हा कुणाला बोलवायचं? पानं पिवळी पडतायत, आंब्याला मोहोर धरत नाही, गुलाबावर मावा आलाय: माळी किंवा उद्यानतज्ज्ञ. आमच्यापैकी बहुतेकांना त्यातलं कामापुरतंच कळतं. पाणी साचतंय, मुलांना खेळायला जागा असूनही कुणी तिथं जात नाही, पायऱ्यांवर म्हातारी माणसं अडखळतात, पोडियमवर बाग करायची आहे: तर आम्ही. मात्र इमारत उभी राहिल्यावर नको, पाया खणण्याच्या आधी. प्लॉटवरची वरची वीतभर माती शेकडो वर्षांची असते. ती आधी खरवडून एका कोपऱ्यात ढीग करून, झाकून ठेवायची, एवढं एक वाक्य आमच्या पहिल्या पत्रात असतं. ते पत्र बहुतेक वेळा उशिरा पोचतं. तोवर ती माती मुरमासकट डंपरमधून कुठल्यातरी भरावात गेलेली असते, आणि दोन वर्षांनी त्याच गेटातून विकतच्या लाल मातीचे ट्रक आत येतात.