बर्फाची वाट पाहणारी दरी

हिवाळ्याच्या तोंडावर उंच डोंगरातल्या दरीत मुक्काम केला, की पहाटेच्या पहिल्याच पावलाला गंमत कळते. आदल्या संध्याकाळी मऊ असलेली पायवाट बुटाखाली करकरते आणि पाऊल बोटभर खाली जातं. वाकून पाहावं, तर मातीचा पातळ पापुद्रा वर उचललेला असतो. त्याखाली काचेच्या तारांसारख्या बर्फाच्या सुया, एकमेकींना खेटून उभ्या. काहींनी डोक्यावर नखाएवढे खडेही तोललेले असतात.

या सुया आकाशातून पडत नाहीत, जमिनीतून उगवतात. रात्री जमिनीचा वरचा थर शून्याखाली जातो. खालची ओली माती मात्र अजून शून्याच्या वर असते. वर बर्फ धरू लागला की मातीच्या बारीक छिद्रांतून खालचं पाणी त्याच्याकडे ओढलं जातं. नवा बर्फ तळाशी तयार होतो आणि आधीच्या बर्फाला वर ढकलतो. गवताचं पातं बुडातून वाढतं, तसंच हे. एका रात्रीत काही सेंटिमीटर उंची सहज गाठली जाते. ऊन आलं की सुया कोसळतात, खडे उताराकडे थोडे सरकतात, आणि कोवळ्या रोपांची मुळं या रोजच्या उचल-आपटीत तुटतात.

जमिनीवर जाड बर्फ असता, तर यातलं काहीच झालं नसतं. या दिवसांत डोंगरात जाणारे आपण मनोमन म्हणत असतो, बर्फ आणखी आठवडाभर लांबू दे. दरीतल्या जिवांना नेमकं उलटं हवं असतं. त्यांच्यासाठी खरा कठीण काळ हा आहे: थंडी आली, पण पांघरूण अजून आलं नाही.

ही थंडी येते कुठून? समुद्रसपाटीपासून 1000 मीटर वर गेलं की हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते, हा झाला ढोबळ हिशेब. पण निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता सरळ आकाशाकडे सोडून देते. उंचावरच्या विरळ, कोरड्या हवेत ती अडवून परत पाठवायला पुरेशी वाफ नसते. म्हणून हवेचं तापमान शून्याच्या थोडं वर असतानाही गवतावर दहिवर गोठलेलं दिसतं. गारठलेली हवा जड होऊन उतारावरून पाण्यासारखी ओघळते आणि दरीच्या तळाशी साचते. पहाटे तळापेक्षा थोड्या वरच्या उतारावर चक्क ऊबदार वाटतं ते यामुळेच. तंबूसाठी ओढ्याकाठचं सपाट मैदान कितीही मोहक दिसो, या दिवसांत थोडी वरची, वाऱ्यापासून आडोसा असलेली जागा मी केव्हाही पसंत करेन.

दिवसा दगडांच्या राशीतून बारीक शिट्टीसारखा आवाज आला तर थांबावं. तो पिका असू शकतो. दिसायला गुबगुबीत उंदीर, पण नातं सशाशी. तोंडात गवताची आणि फुलांची जुडी आडवी धरून तो दगडांखाली गडप होतो आणि लगेच पुढच्या फेरीला निघतो. मार्मोट ही डोंगरातली मोठी खार हिवाळाभर झोपते, तसा तो झोपत नाही, त्यामुळे ही गंजी हीच त्याची बेगमी. काही पिका उग्र रसायनं असलेली पानंही साठवतात. ताजी असताना ती खाववत नाहीत. साठ्यात मात्र त्या रसायनांमुळे पानं टिकतात आणि पुढे त्यांचा उग्रपणाही उतरतो. एवढी तयारी करूनही त्याला वरून बर्फाचं छप्पर लागतंच.

ताज्या भुसभुशीत बर्फात 90 टक्क्यांहून जास्त हवा असते, आणि अडकलेली हवा उष्णता फार हळू जाऊ देते. अर्धा मीटर बर्फ साचला, की वर हाडं गोठवणारी थंडी असली तरी खाली जमिनीलगत तापमान शून्याच्या आसपास राहतं. हे पांघरूण हुकलं तर काय होतं, ते अलास्कात दिसलं आहे. तिथल्या यलो सीडर वृक्षांची मुळं उथळ असतात. बर्फ कमी पडू लागल्यावर ती गोठली आणि विस्तीर्ण पट्ट्यांतली झाडं वाळून गेली. हवामान तापत असताना झाडं थंडीनं मरावीत, हे मला अजूनही चटका लावणारं वाटतं.

चालणाऱ्यानं मात्र एक गोष्ट लक्षात ठेवायलाच हवी. पावसाची जोरदार सर आली तर ती पाऊसच राहील असं समजू नये. हा पाऊस उंचावर हिमकण म्हणूनच निघालेला असतो आणि पडताना वितळणारे हे कण भोवतालच्या हवेतली उष्णता शोषून घेतात. अरुंद दरीत वारा नसेल तर ती हवा तिथेच थंड होत जाते आणि हिमरेषा, म्हणजे जिच्या वर पावसाऐवजी बर्फ पडतो ती उंची, बघता बघता काहीशे मीटर खाली उतरते. ओले कपडे, वारा आणि लवकर मावळणारा दिवस एकत्र आले, की शरीराचं तापमान वेगानं उतरतं. कोरड्या कपड्यांचा एक जोड पिशवीत बंद ठेवावा आणि ढग दाटले की माघारी फिरावं.

पहिला बर्फ बहुतेक ठिकाणी दोन दिवसांत वितळतो. सावलीतल्या उतारांवर तो टिकतो आणि तिथे त्याचं रूपच पालटतं. थर पातळ, खाली ऊबदार जमीन, वर कडाक्याची हवा. मग तळाची वाफ वर सरकते, कण नव्यानं घडतात आणि जाड साखरेसारखे सुटे होतात. पुढे महिन्याभरानं त्यावर जड बर्फ साचला, की हा ठिसूळ थर खचून अख्खा उतार घसरू शकतो. आणि जिथे तो घसरत नाही, तिथे याच सुट्या दाण्यांतून चिमुकले उंदीर हिवाळाभर बोगदे काढत फिरतात, वरच्या वादळाची चाहूलही न लागता.