कोकणातल्या जुन्या डिझेल गाड्या : इंजिन टिकलं, पत्रा गेला

रत्नागिरी, सिंधुदुर्गाच्या बाजूला जुनी डिझेल गाडी घ्यायची म्हणून जाहिराती बघायला बसलं की ठरलेलीच मंडळी समोर येतात. महिंद्राची एमएम ५४० नाहीतर कमांडर, ट्रॅक्स, सुमो, मधूनच एखादी डिझेल ॲम्बॅसेडर, आणि नशीब असेल तर इसुझू इंजिनची कॉन्टेसा. खाली लिहिलेलंही ठरलेलं: इंजिन एक नंबर, सिंगल हँड, पत्र्याचं थोडं काम. त्या 'थोड्या कामा'तच सगळं आलं, पण ते पुढे. आधी हा प्रश्न की याच गाड्या का, आणि इथेच एवढ्या का राहिल्या?

रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली जर्मनीत आउग्सबुर्गला आपलं इंजिन चालवून दाखवलं, पण ते एवढं अवजड होतं की कारमध्ये यायला १९३६ उजाडलं, मर्सिडीजची २६० डी. त्यानंतरही बरीच वर्षं डिझेल कार म्हणजे टॅक्सीवाल्याची गाडी, हौसेने कोणी घेत नव्हतं. चित्र पालटलं ते १९७३ च्या तेलाच्या भडक्याने. कच्चं तेल काही महिन्यांत चौपट झालं आणि जगभर लोकांना ॲव्हरेज हा विषय एकदम महत्त्वाचा वाटायला लागला.

आपल्याकडे आणखी एक भानगड होती. इंधनाचे दर सरकार ठरवायचं आणि ट्रक, ट्रॅक्टर, एसटी, शेतीचे पंप, होड्या सगळं डिझेलवर, म्हणून डिझेल मुद्दाम स्वस्त ठेवलेलं. हे स्वस्त डिझेल कारवाल्यांसाठी नव्हतंच, पण कारवाल्यांनी वाट शोधली. १९८० च्या आसपास हिंदुस्थान मोटर्सने ॲम्बॅसेडरमध्ये ब्रिटनच्या बीएमसी कंपनीचं १४८९ सीसीचं डिझेल बसवलं. चाळीस हॉर्सपॉवरसुद्धा नाही आणि गाडी टनाच्या वर! आंबा घाटात भरल्या गाडीने ती कशी चढत असेल ते ज्यांनी मागून हॉर्न मारलेत त्यांना विचारा. तरी लोक घ्यायचे, कारण पेट्रोलवाली लिटरला आठ-दहा द्यायची आणि ही त्याहून पुष्कळ जास्त, तेसुद्धा स्वस्तातल्या तेलावर. पुढे नव्वदच्या दशकात तिच्यात इसुझूचं दोन लिटरचं आलं, तेव्हा कुठे जीवात जीव आला. कुर्ल्याच्या प्रीमियरने पद्मिनीमध्ये इटलीच्या एफएनएमचं छोटं डिझेल घालून १३७ डी काढली. ती आता शोधून सापडत नाही, आणि सापडलीच तर पार्ट कुठून आणणार हा प्रश्न आधी विचारा.

पण कोकणचा खरा डिझेल इतिहास या कारांचा नाही, तो जीप आणि ट्रॅक्सचा आहे. महिंद्राने विलीजची पेट्रोल जीप इथे जोडायला सुरुवात केली ती चाळीसच्या दशकाच्या शेवटी, नंतर आपल्याच ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन त्यात टाकून बघितलं, आणि मग फ्रान्सच्या पेजोचं लायसन घेऊन २११२ सीसीचं एक्सडीपी आणलं. एमएम ५४० मध्ये तेच. टाटांनी सिएरा, इस्टेट आणि १९९४ ची सुमो ज्या १९४८ सीसीच्या इंजिनावर काढल्या तेही पेजोच्याच घराण्यातलं.

ट्रॅक्सची गोष्ट मला यातली सगळ्यात भारी वाटते. आकुर्डीच्या बजाज टेम्पोने मर्सिडीजच्या ओएम ६१६ या इंजिनाचं लायसन घेतलं आणि ऐंशीच्या दशकात ते ट्रॅक्समध्ये बसवलं. २४०४ सीसी, चार सिलिंडर. जर्मनीत मर्सिडीजच्या २४० डी मध्ये हेच, आणि तिकडे ती टॅक्सी म्हणून लाखो किलोमीटर पळायची म्हणून तिचं नाव आजही घेतात. आपल्याकडे परदेशी गाडीवर ड्युटीच एवढी की अख्खी गाडी यायची ती वकिलातीत नाहीतर बड्या उद्योगपतीच्या दारात. पण तिचं इंजिन मात्र राजापूर, लांजा, देवरुखच्या स्टँडबाहेर उभं असायचं, मागे बारा-पंधरा माणसं, टपावर केळफुलं, कोंबड्यांची टोपली आणि एखादी सायकल. मुंबईत ज्या जातीचं इंजिन गेटच्या आत पुसून ठेवलेलं, तेच इथे वडापला, म्हणजे माणसं कोंबून सीटवर भाडं घेणाऱ्या गाड्यांच्या धंद्याला. बजाज टेम्पोचं नाव २००५ ला फोर्स मोटर्स झालं, पण इंजिनाचा वंश पुढेही चालू राहिला, म्हणून बाकीच्या जुन्या इंजिनांच्या मानाने ओएम ६१६ चे पार्ट आजही त्यातल्या त्यात सहज मिळतात.

वडाप इथे का फोफावलं हे कळायला कोकणचा नकाशा बघायला पाहिजे. एका बाजूला सह्याद्री, दुसऱ्या बाजूला खाड्या, मधे गावं वाड्यावाड्यांत विखुरलेली. आधी किनाऱ्याकिनाऱ्याने बोटी होत्या, त्या बंद पडत गेल्या. कोकण रेल्वे सलग सुरू झाली ती थेट २६ जानेवारी १९९८ ला, आणि तीही स्टेशनपर्यंतच, स्टेशनपासून वाडी दहा-बारा किलोमीटर असली तर पुढे काय? एसटी होती, पण दिवसातून दोन-तीन. मग जीप आली, ट्रॅक्स आली, रायगडच्या बाजूला तीनचाकी मिनीडोर. गणपतीला चाकरमानी उतरले की हीच गाडी, आंबा पेट्या हायवेपर्यंत पोचवायला हीच, अडलेल्या बाईला तालुक्याच्या दवाखान्यात न्यायला रात्री दोन वाजता हीच. डिझेलशिवाय हा धंदा जमलाच नसता. आणि या धंद्यातून निवृत्त झालेल्या गाड्याच आज 'क्लासिक' म्हणून विकायला आहेत, हे घेणाऱ्याने लक्षात ठेवावं. मीटर एक लाख दाखवत असेल तर तो बंद कधी पडला एवढंच विचारायचं.

आता या गाड्या चालू राहिल्या कशा? त्याचं श्रेय एसटी डेपोतल्या आणि बंदरातल्या फिटर लोकांना. हर्णै, मिरकरवाडा, मालवण, वेंगुर्ला, जिथे जिथे मच्छीमारी होड्या तिथे तिथे डिझेल इंजिनाची कामं करणारा माणूस असणारच, कारण इंजिन बंद म्हणजे होडी धक्क्यावर आणि घरात पैसा नाही. पंप कॅलिब्रेशन, नोझल टेस्टिंग, हेड फेसिंग, लायनर बदलणं ही कामं मुंबईच्या पॉश गॅरेजमध्ये आज कोणाला येत नाहीत, ती बंदराजवळच्या टिनाच्या शेडमध्ये होतात. पंपावर बऱ्याचदा मायकोचा शिक्का असतो, बंगळुरूची ती कंपनी २००८ पासून बॉश नावाने आहे, पण फिटर आजही मायकोच म्हणतो. आणि इंजिनंही तशीच सोपी, सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही. एकदा चालू झालं की अल्टरनेटर मेला तरी चालत राहतं, बंद करायला कितीतरी गाड्यांत चावी फिरवून उपयोग नाही, स्टॉपचा नॉब ओढायचा. सकाळी हीटर प्लगचं बटण धरायचं, मनात वीसपर्यंत मोजायचं, मग सेल्फ. कॉम्प्रेशन वीसपटीच्या वर असल्यामुळे बॅटरी दणकट लागते, पेट्रोल गाडीची स्वस्तातली टाकून चालत नाही.

म्हणून विकणारा इंजिनाबद्दल जे सांगतो ते बहुतेक वेळा खरंच असतं. "इंजिन कडक आसा, डोळे झाकून घेवा." इंजिन कडक आसा, कबूल. गाडी चालू ठेवून ऑइल टाकायचं झाकण उघडून बघा, भकाभका धूर फुंकत असेल तर बॅक कॉम्प्रेशन आलंय, म्हणजे सिलिंडरमधला दाब रिंगांवरून खाली गळतोय, रिंग-पिस्टनचा खर्च धरा. सकाळी थंड गाडी स्टार्ट करायला लावा, आधीच गरम करून ठेवलेली असेल तर दुसऱ्या दिवशी परत या. थोडा पांढरा धूर आला आणि मिनिटभरात गेला तर ठीक. निळा राहिला तर ऑइल जळतंय, दाबल्यावर काळा ढग येत असेल तर नोझल नाहीतर पंप. ही सगळी दुरुस्त होणारी दुखणी आहेत.

दुरुस्त न होणारं दुखणं खाली आहे. चपला काढून गाडीखाली झोपायची तयारी नसेल तर कोकणातली जुनी गाडी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या पुढे पाऊस, उरलेले आठ महिने खारी हवा, आणि वाळूतून, ओल्या जांभ्याच्या लाल चिखलातून जाणं-येणं. हा चिखल मडगार्डच्या आत, चेसिसच्या कोपऱ्यात जाऊन बसतो आणि पाऊस संपला तरी वाळत नाही, त्यात मीठ. दारांना खालून पाणी जायला जी भोकं असतात ती पाल्याने बुजतात, मग दार आतून कुजतं आणि बाहेरून रंग चकचकीत. पायाखालचं रबर मॅट उचला, त्याखालचं नमदं उचला (वास आला की समजायचं), आणि स्क्रूड्रायव्हरच्या मागच्या बाजूने पत्र्यावर ठोका. टणटण वाजलं तर पत्रा आहे, धप् आवाज आला तर तिथे पत्रा नाही, लांबी (पुट्टी) भरून वर रंग मारलाय. बॅटरीखालची जागा, स्प्रिंगांचे शॅकल जिथे चेसिसला जोडलेत ती जागा, आणि जॅक लावायची जागा, या तीन ठिकाणी खोटं बोलता येत नाही. जीप आणि ट्रॅक्सला वेगळी चेसिस असते, वरची बॉडी कुजली तर नवीन बनवून घेता येते, कोल्हापूर-सांगलीकडे बॉडीवाले आहेत. ॲम्बॅसेडर, कॉन्टेसा, पद्मिनी यांना वेगळी चेसिस नाही, पत्राच गाडीचा सांगाडा, तो गेला की कडक इंजिन घेऊन करणार काय?

त्यात चाकरमान्याच्या गाडीची तऱ्हा वेगळी. गणपतीला चालवली की शिमग्यापर्यंत ताडपत्रीखाली. ताडपत्रीने पाऊस अडतो पण आतली वाफही अडते, आणि पत्रा त्या वाफेत सहा महिने शिजतो. टाकी अर्धी रिकामी ठेवली की आत दमटपणाचं पाणी होतं, डिझेलपेक्षा जड म्हणून तळाला बसतं, तिथून पंपात. हँडब्रेक ओढून ठेवलेला असेल तर तो तिथेच धरतो. वायरिंगला उंदीर. त्यापेक्षा रोज मासे भरून बाजारात जाणारी, दिसायला भिकार गाडी कधीकधी आतून जास्त धड असते.

घेतल्यानंतरचा मोठा बदल म्हणजे तेलाचाच. डिझेलच्या दरावरचं नियंत्रण ऑक्टोबर २०१४ मध्ये उठलं, त्याच्या आधी जानेवारी २०१३ पासून महिन्याला पन्नास-पन्नास पैशांनी दर वाढवत आणलेच होते. म्हणजे ज्या कारणासाठी लोकांनी या गाड्या घेतल्या ते कारणच संपलं. एप्रिल २०२० पासून बीएस-६ चं डिझेल, गंधक फक्त १० पीपीएम. गंधक काढताना तेलाचा बुळबुळीतपणा कमी होतो, तो भरून काढायला रिफायनरीत ॲडिटिव्ह घालतात त्यामुळे घाबरायचं कारण नाही, पण रोटरी पंप तेलावरच वंगण घेतो आणि त्यातले तीस वर्षांचे रबर सील नव्या तेलात कधीकधी पाझरायला लागतात. सील किट बदलून घ्यावं, फार मोठा खर्च नाही.

राहिले कागद, आणि इथे जुना इतिहास परत डोकं वर काढतो. डिझेल स्वस्त होतं त्या काळात कितीतरी पेट्रोल जीप, फियाट, ॲम्बॅसेडरमध्ये मिळेल ते डिझेल इंजिन बसवलं गेलं, कुठे मॅटाडोरचं, कुठे भंगारातल्या जीपचं. काहींनी आरटीओत नोंद केली, बऱ्याच जणांनी नाही. गाडी डिझेलवर धडधडतेय आणि आरसी बुकात इंधन पेट्रोल, असं असेल तर कितीही आवडली तरी सोडा, कारण पासिंगला इंजिन नंबर बघतात. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. त्याची फी कारला ६०० रुपये होती, ती १ एप्रिल २०२२ पासून ५००० झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या कारला १०,००० केली. शिवाय राज्याचा पर्यावरण कर वेगळा.

काही जण म्हणतात व्हिंटेजमध्ये घालू. २०२१ च्या नियमांप्रमाणे त्यासाठी गाडी पन्नास वर्षांच्या वर पाहिजे, म्हणजे पहिल्या डिझेल ॲम्बॅसेडरलाही अजून २०३० च्या आसपास थांबावं लागेल, ट्रॅक्स तर त्याच्याही पुढे. एकदा व्हिंटेज नंबर मिळाला की गाडी रोज वापरता येत नाही, प्रदर्शन, रॅली आणि दुरुस्तीपुरतीच रस्त्यावर आणायची. आणि चेसिस, बॉडी, इंजिन मूळचं पाहिजे अशी अट आहे, त्यामुळे पन्नास-साठ सालच्या ज्या विलीज जीप इंजिन बदलून आजवर चालत राहिल्या त्या वयात बसूनही यात बसत नाहीत.