स्वतःलाच पाकीट पाठवून कॉपीराइट मिळतो का?

लिहिणाऱ्यांच्या ग्रुपवर हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय: कथा पाकिटात घाला, रजिस्टर पोस्टाने स्वतःलाच पाठवा, पाकीट फोडू नका, झाला कॉपीराइट. ऐकायला पटतं, शिक्का सरकारी असतो ना, मीपण एकदा केलेलं.

पण मुळात कॉपीराइट मिळवावा लागतच नाही. तुमची स्वतःची कथा कागदावर किंवा मोबाइलमध्ये उतरली की तो आपोआप तुमचा, तुमच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षं. म्हणजे पाकिटाने मिळतो तो फार तर तारखेचा पुरावा, आणि तोही कच्चा, कारण रिकामं पाकीट न चिकटवता पाठवून आत नंतर काहीही भरता येतं. त्यापेक्षा जुने ड्राफ्ट, तारखेसकट ईमेल, संपादकाशी झालेला पत्रव्यवहार हे सगळं जपून ठेवा.

खात्री करायचीय तर 1957 चा कॉपीराइट कायदा नेटवर फुकट वाचता येतो. कलम 45 मध्ये नोंदणीसाठी अर्ज 'करू शकतो' असं आहे, करायलाच हवा असं नाही. केली तर फायदा आहेच, कलम 48 प्रमाणे ती नोंद कोर्टात प्रथमदर्शनी पुरावा धरतात. (आयएसबीएनचा याच्याशी संबंध नाही, तो नुसता पुस्तकाचा ओळख क्रमांक.)

आणि खरं सांगू का, लेखक फसतो तो बहुतेकदा न वाचता सही केलेल्या करारात, म्हणून कलम 19 पण बघाच, हक्क किती काळासाठी दिले ते करारात लिहिलं नसेल तर 5 वर्षंच धरतात.