साक्षीदारांसमोर सांगायचा इतिहास

‘ऐकीव गोष्टींना इतिहास म्हणत नाहीत’ हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. पुरावा म्हणून कानगोष्टींचा खेळ पुढे केला जातो: पहिल्याने ‘आंबा’ म्हटलं की दहाव्यापर्यंत ‘तांब्या’ पोचतो. १९९१ साली कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या एका न्यायाधीशांचा सूरही साधारण असाच होता. गिट्कसान आणि वेट्सुवेटेन या मूलनिवासी समाजांनी जमिनीच्या हक्कासाठी आपला मौखिक इतिहास कोर्टात मांडला होता, पण न्यायाधीशांनी त्याला स्वतंत्र वजन दिलं नाही. ११ डिसेंबर १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही भूमिका चुकीची ठरवली आणि असा पुरावा कागदपत्रांच्या बरोबरीने तोलायला सांगितलं.

कानगोष्टीत गोष्ट बिघडते, कारण ती एकदाच, कुजबुजत सांगायची असते आणि वाटेत कुणी तपासत नाही. गिट्कसानांच्या भाषाभगिनी असलेल्या त्सिमशियन लोकांच्या कायद्यात नेमकं उलटं घडतं, आणि मला सगळ्यात आवडतो तो हाच भाग.

स्कीना नदीच्या मुखाशी राहणाऱ्या या समाजात चार कुळं आहेत: कावळा, गरुड, लांडगा आणि किलर व्हेल. कूळ आईकडून मिळतं आणि लग्न कुळाबाहेरच करावं लागतं. प्रत्येक कुळात अनेक घराणी असतात. मासेमारीच्या जागा, चिन्हं, गाणी आणि पदव्या घराण्याच्या मालकीच्या, आणि त्या कशा मिळाल्या हे सांगणारा इतिहास, म्हणजे ‘आदाऊख’, तोही घराण्याच्याच मालकीचा. वागण्याचे नियम म्हणजे ‘आयाऊख’. प्रमुखाचा वारस साधारणपणे त्याचा भाचा. म्हणून जुन्या पद्धतीत मुलगा मोठा होऊ लागला की मामाच्या घरी राहायला जाई आणि तिथे कामं करता करता आदाऊख ऐकत ऐकत शिके.

मामा वारला की भाच्याला त्याचं नाव, म्हणजेच पद, घ्यावं लागतं. ते घरात बसून घेता येत नाही. त्यासाठी मोठी मेजवानी घालायची, इतर कुळांच्या प्रमुखांना बोलवायचं, मानाप्रमाणे बसवायचं. मग सगळ्यांदेखत आदाऊख सांगायचं: पूर्वज कुठून आले, कुणाशी लढले, ही खाडी कशी मिळाली. शेवटी पाहुण्यांना भेटी द्यायच्या. भेट घेतली की पाहुणा त्या दाव्याचा साक्षीदार झाला, पुढे त्याला ‘मला माहीत नव्हतं’ म्हणता येत नाही. आक्षेप असेल तर तो त्या वेळी घ्यायचा.

आता यात लबाडी करून पाहा. तुमच्या खाडीशेजारची खाडी ज्यांची, ते समोरच बसलेत आणि त्याच लढाईची त्यांची बाजू त्यांच्या आदाऊखमध्ये आहे. तुम्ही वाढवून सांगितलेला प्रत्येक हात जमीन कुणाच्या तरी वाट्यातून जाणार. शिवाय लग्नं कुळाबाहेर होत असल्याने तुमचा स्वतःचा बापही दुसऱ्या कुळाचा. म्हणजे सांगण्याचा हक्क एका घराण्याला आणि तपासणारे मात्र अनेक, त्यातल्या काहींचे हितसंबंध थेट विरोधी. आपल्या शोधनिबंधांच्या परीक्षणापेक्षा हे कडक आहे, असं मला तरी वाटतं.

या इतिहासाची बाहेरून तपासणी २०१७ साली झाली. उत्तरेकडच्या ट्लिंगिट लोकांशी लढाया झाल्या, प्रिन्स रूपर्ट या बंदराचा परिसर सोडावा लागला, मग परत येऊन तो जिंकला, असं अनेक घराण्यांची आदाऊख सांगतात. हे हजार वर्षांहून जुनं. प्रिन्स रूपर्ट बंदराभोवतीच्या जुन्या वस्त्यांमधल्या अवशेषांचं कार्बन-१४ वयमापन उपलब्ध होतं. पण असं प्रत्येक वय हा एक आकडा नसून संभाव्यतेचा वक्र असतो. असे पुष्कळ वक्र एकत्र मिळवले की वस्ती कधी दाट, कधी विरळ याचा आलेख मिळतो. लोक खरंच परिसर सोडून गेले असतील, तर त्या काळात आलेखात खड्डा दिसायला हवा. अडचणी दोन. समुद्रातला कार्बन जुना असल्याने शिंपले शेकडो वर्षांनी म्हातारे दिसतात, ती दुरुस्ती करावी लागते. आणि वातावरणातलं कार्बन-१४ चं प्रमाण कमीजास्त होत आल्यामुळे आलेखात खोटे खड्डे पडतात. म्हणून संगणकावर काल्पनिक लोकसंख्या पुन्हा पुन्हा घडवून नुसत्या योगायोगाने केवढा खड्डा पडू शकतो ते पाहतात आणि खऱ्या आलेखाशी ताडतात. निष्कर्ष असा, की मौखिक इतिहास खोटा ठरवता आला नाही.

‘खोटा ठरला नाही’ आणि ‘सिद्ध झाला’ यांत फरक आहे. ‘मग आमच्या पुराणातली विमानंही खरीच’ असा संदेश फॉरवर्ड करण्याआधी तो लक्षात घ्यावा. इथे दाव्यात ठिकाण होतं, घटनांचा क्रम होता आणि तो चुकीचा ठरण्याची पूर्ण शक्यता होती.

तपासायला गोष्ट शिल्लक राहिली, हेही थोडकं नाही. कॅनडा सरकारने १८८५ ते १९५१ या काळात अशा मेजवान्यांवर कायद्याने बंदी घातली होती. बंदी त्या जेवणावर असली तरी हिरावले गेले साक्षीदार. त्याच काळात विल्यम बेनन (१८८८–१९५८) यांनी गावोगावची आदाऊख वह्यांमध्ये उतरवून घेतली. ते स्वतः लांडगा कुळातले वंशपरंपरागत प्रमुख. सांगणारा कोण आणि गोष्ट कुठल्या घराण्याची, हे ते सोबत नोंदवत.